तीन नंबर गेटापर्यंतची हद्द

आबा, म्हणजे माझे वडील, गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कंपनीत लाइनवर होते. लाइन लीडर मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, गावावरून फोन आहे, ऑफिसात जा." मी गेले, ऐकलं, परत आले आणि ट्रेमध्ये राहिलेले बावीस हार्नेस तपासून दिले. हार्नेस म्हणजे गाडीच्या आतल्या वायरींचा जुडगा. एकेकाला अठ्ठेचाळीस टोकं, आणि एक टोक ढिलं राहिलं तरी गाडीचा कुठला तरी दिवा लागत नाही. बावीसच्या बावीस बरोबर निघाले. मग मी गेटपास घेतला.

हे मी आधीच सांगून टाकते, कारण मी नाही सांगितलं तर दुसरं कुणी मीठमिरची लावून सांगेल. मला काही वाटलं नाही. गावी पोचले तेव्हा नाही, आबांना नेलं तेव्हा नाही, बाराव्या-तेराव्यालाही नाही. बायका म्हणाल्या, रड गो बाय, मोकळी हो. मी म्हटलं, रडू म्हणजे काय नळ आहे, फिरवला की सुरू व्हायला. परत आले, दुसऱ्या दिवशी कामावर गेले, डबा खाल्ला, झोपही लागली. चौदा महिने झाले त्याला. दात काढताना डॉक्टर सुई देतात आणि मग आपलाच गाल आपल्याला परका लागतो ना, तसं काहीतरी होतं. दुखत नव्हतं, पण माझंही नव्हतं.

आमचं गाव खैरदुर्ग. खाडीच्या तोंडावरचं जुनं बंदर, तीन बाजूंनी तट आणि चौथ्या बाजूला चिखल. कधीकाळी तिथे गलबतं लागायची, आता दहा-बारा होड्या लागतात आणि शनिवार-रविवारी पुण्यामुंबईच्या गाड्या. आबांकडे दोन कामं होती. वर्षभर पर्यटकांना किल्ला दाखवायचा आणि वर्षातून एकदा, जत्रेला, देवाला गाव दाखवायचं.

या दुसऱ्या कामाला आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणतात. खैरेश्वराच्या दारात उभं राहून गावाची हद्द तोंडाने सांगायची. महादरवाजापासून निघायचं, उजव्या हाताने फिरत एकेका जागेचं नाव घ्यायचं आणि तिची राखण मागायची. देव झाला म्हणून काय झालं, हद्द कळल्याशिवाय तो राखणार काय, असं आबांचं सरळ म्हणणं. प्रत्येक वाक्यानंतर शेजारी उभा असलेला माणूस "व्हय म्हाराजा" म्हणतो. आमच्याकडे हे काम चिमाजीकाकांचं, वय वर्षं ऐंशी. सांगणाऱ्याची एखादी जागा सुटली किंवा क्रम उलटा झाला की काका गप्प राहतात. व्हय म्हणत नाहीत. मग सांगणाऱ्याने मागे जाऊन आपली चूक आपण शोधायची, काकांनी ती दाखवायची नाही. आणि कागदावरून वाचायचं तर मुळीच नाही.

गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराचा, आबांनी तो चाळीस वर्षं सांभाळला. गेल्या जत्रेला सुतकाचं वर्ष होतं, म्हणून काकांनी देवापुढे नुसता नारळ ठेवला. लागोपाठ दोन जत्रा गाऱ्हाणं राहिलं तर मान भावकीतल्या दुसऱ्या घराकडे जातो. आणि एकदा गेलेला मान परत आल्याचं आमच्या गावात कुणी पाहिलेलं नाही. यंदाची जत्रा पुढच्या बुधवारी होती. सकाळी दहा वाजता माझ्या धाकट्या भावाने, प्रितमने, दारात उभं राहून सगळं गाऱ्हाणं सांगायचं होतं. प्रितमला ते येत नव्हतं. मला येत होतं. पण बाईमाणसाने ते सांगायचं नसतं.

मला कसं येतं, तर लहानपणी पर्यटकांच्या मागे आबांबरोबर मीच फिरायचे, त्यांची छत्री घेऊन. प्रितम तेव्हा गोदीत क्रिकेट खेळायचा. पर्यटकांना आबा खुशाल थापा मारायचे. चोरदिंडीतून राणी होडीत बसून पळाली म्हणायचे. खैरदुर्गात राणी कधी नव्हतीच, पळणार कुठून. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पर्यटकाक थाप चलता, तो हसान निघान जाता. देवाक चलणा नाय. तो थंयच बसलेलो असता." मग गाडी गेली की मला एकटीला खरं गाव दाखवायचे, गाऱ्हाण्याच्या क्रमाने. प्रत्येक नाव घेताना अंग त्या दिशेला वळवायचं. तोंड चुकलं तरी अंग चुकत नाही म्हणायचे.

प्रितम रहाटणीला राहतो, घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतो. मी इकडे कुरुळीत, जाईबाईंच्या माडीवरच्या खोलीत, तेरा वर्षं. गुरुवारी संध्याकाळी तो आला तो लॅपटॉप काखोटीला मारून. उघडला तर आत गाऱ्हाण्याचा तक्ता. एका रकान्यात जागा, दुसऱ्यात दिशा, तिसऱ्यात माहिती, आणि पाठ झालेल्या जागा हिरव्या रंगाच्या.

"बारापैकी चार हिरव्या आहेत, ताई," तो म्हणाला.

"छान. देवाला मेल करून टाक," मी म्हटलं. "ठेव ते खाली आणि गच्चीवर चल."

जाईबाई गच्चीवर लसूण सोलत बसल्या होत्या. कुरुळीच्या जुन्या घरातली बाई, सत्तरीची. जमीन कंपन्यांत गेली, खोल्या बांधल्या, पण अंगणातली बसायची सवय गच्चीवर घेऊन आल्या. त्यांना म्हटलं, जाईबाई, तीन-चार दिवस तुमच्या गच्चीचा किल्ला करायचाय. त्या म्हणाल्या, "कर की. माजा लसूण तेवढा तुडवू नगंस."

जिन्याचं तोंड म्हणजे महादरवाजा. मी प्रितमला तिथे उभं केलं. आमचा महादरवाजा समोरून दिसत नाही, दोन बुरुजांच्या मधून वाट वळते आणि मग दार येतं. हत्तीला धाव घेऊन धडक मारता येऊ नये म्हणून तशी रचना. त्याच्या उजवीकडे, जाईबाईंच्या तुळशीच्या कुंडीपाशी, मांडवी. गलबतावरचा माल तिथे उतरायचा, खजूर, काथ्या, मीठ, आणि त्यावर जकात बसायची. आता तिथे एसटीचं कँटीन आहे. मग दर्यादरवाजा. मग गोदी, ती आम्ही धुण्याच्या दगडाजवळ मानली. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला ते चिखलावर बसलं की तळ खरवडायचा, फटींत कापूस आणि राळ भरायची, आणि पुढच्या भरतीला सोडून द्यायचं. कपडे वाळत घालायची तार म्हणजे समुद्र.

प्रितम वळायचा, नाव घ्यायचा, "राखण कर रे म्हाराजा" म्हणायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी चिमाजीकाका झाले होते. बरोबर असलं तर मान हलवायची, चुकलं तर आभाळाकडे बघायचं. पहिल्या दिवशी मी आभाळच जास्त बघितलं.

पाण्याच्या टाकीपाशी आम्ही दारूकोठार मानलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी तोफेचा गोळा पडून ते कोठार उडालं, आता तिथे नुसता खड्डा आहे आणि करवंदीची जाळी. प्रितम थांबला. "जे नाहीच आहे त्याची राखण कशाला मागायची? हे काढून टाकूया, एक कमी होईल."

"आबांनी काय सांगितलंय? एकदा हद्दीत घेतलेली जागा सोडायची नाही. पडली, बुडाली, उडाली तरी."

"लॉजिक काय त्याच्यात?"

"लॉजिक तुझ्या तक्त्यात घाल. म्हण, दारूकोठार."

जाईबाई लसणाची टरफलं फुंकत हे सगळं ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "तुजा बाप लई गोड माणूस व्हता बग. आला व्हता तवा आमच्या गावदेवाला नारळ ठिवून गेला. मी म्हनलं, आमचा देव तुमाला काय देनार? तर म्हनला, परवानगी."

"कशाची परवानगी?" मी विचारलं.

"ते न्हाई सांगितलं. हसला निस्ता."

मी सोडून दिलं. आबा कुठल्याही गावात गेले की आधी देवळात जायचे, त्यात नवल नव्हतं.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. प्रितम काम संपलं की मोटारसायकलवर मोशीच्या गर्दीतून यायचा आणि यायला उशीर झाला म्हणून माझ्यावरच चिडायचा. पण शिकला. टोपीकराचं थडगं तो सारखा विसरायचा. कुणी एक इंग्रज कप्तान आमच्याकडे तापाने मेला, त्याचं ते थडगं. परका असला तरी आमच्या हद्दीत झोपलाय, म्हणून गाऱ्हाण्यात आहे. मी प्रितमला तिथे एक विटकरीचा तुकडा ठेवून दिला. त्याला दोनदा ठेच लागली, मग नाही विसरला.

तुम्ही म्हणाल, बापाचे शब्द भावाला शिकवताना तरी या बाईचा गळा दाटला असेल. नाही. ट्रेमधले हार्नेस तपासावेत तशा मी बारा जागा तपासत होते. प्रितमचा मात्र शनिवारी साखरबावीपाशी आवाज फुटला. समुद्रापासून वीस पावलांवर गोड्या पाण्याची ती विहीर, आबा तिथेच पाणी प्यायचे. तो कठड्याला टेकून डोळे पुसत बसला आणि मी उभी राहून त्याच्याकडे बघत होते. मला त्याचा हेवा वाटला, खरं सांगते.

रविवारी सकाळी अकरा वाजता रंगीत तालीम. प्रितमने चिमाजीकाकांना फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन जिन्याच्या कठड्यावर ठेवला. काकांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "हां, सुरवात कर."

"बा देवा खैरेश्वरा, आज तुझ्या दारात उभो रवलंय. पूर्वेक महादरवाजो आसा, थंयसून येणाऱ्या जाणाऱ्याची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," फोनमधून आलं.

मांडवी, व्हय म्हाराजा. दर्यादरवाजा, गोदी, साखरबाव, व्हय म्हाराजा. पीर, थडगं, दारूकोठार. प्रितमचं अंग आपोआप वळत होतं. मी टाकीला टेकून बोटं मोजत होते. चोरदिंडी, दीपगृहाची बत्ती, स्मशान, आणि शेवटी होडीच्या तरीवरचा वड. बाराव्याला व्हय म्हाराजा आलं आणि प्रितमने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. मग शेवटचं वाक्य. "चुकला माकला पदरात घे, हद्द पुरी झाली रे म्हाराजा."

फोन गप्प.

"काका? रेंज गेली का?"

"रेंज आसा," काका म्हणाले आणि परत गप्प झाले.

प्रितमने सगळं पुन्हा म्हटलं. बाराही जागांना व्हय आलं, शेवटच्या वाक्याला आलं नाही. तिसऱ्यांदाही तेच. त्याचा घाम निघाला. मी फोन हातात घेतला. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. "काका, बाराच्या बारा बरोबर आहेत. मी तपासल्यात. एकही टोक ढिलं नाही. तुम्ही व्हय का म्हणत नाही?"

"बारा बरोबर आसत गे," काका म्हणाले. "पण हद्द पुरी जावक नाय."

"बाराच जागा आहेत. माझ्या लहानपणापासून बारा."

"तुझ्या लहानपणापासून व्हय. पण आता तेरा आसत. चूक दाखवची नाय ह्या माका ठावक आसा. पण हा जुन्या गाऱ्हाण्यातला न्हय, तुमच्या बापसान स्वतः घातलेला. तेव्हा मी सांगलय तर देव रागावचो नाय." काकांनी दम घेतला. "आयक. वडाच्या मागसून तो म्हणायचो. बा देवा, घाट चढान वर कुरुळीचो फाटो आसा. फाट्यारचो पिंपळ, वजनकाटो, पाण्याची निळी टाकी आणि कंपनीचो तीन नंबर गेट. ह्या पाचांच्या मधी माझा चेडू उभ्यान आसता. तेची राखण कर रे म्हाराजा. आणि मगे मी व्हय म्हणायचंय. आठ जत्रा म्हणलंय."

जाईबाईंना मालवणी कळत नाही, चेडू म्हणजे मुलगी हेही नाही, पण कुरुळी आणि पिंपळ कळलं. त्यांचा लसूण सोलायचा हात थांबला. मी आणि प्रितमने ते कधी ऐकलंच नव्हतं, नोकरी लागल्यापासून दोघांनाही जत्रेला सुट्टी मिळाली नव्हती.

आबा माझ्याकडे एकदाच आले, दहा वर्षांपूर्वी. चार दिवस राहिले. तेव्हा मी फाट्याच्या पुढे, चाकणच्या बाजूला एका कंपनीत होते. चारही दिवस ते मला सोडायला गेटापर्यंत चालत आले आणि वाटेत एकेका गोष्टीचं नाव विचारत राहिले. ह्या पिंपळाक काय म्हणतत, ह्यो काटो कोणाचो, ती टाकी कसली. मला पंचिंगला उशीर होत होता. गेटापाशी आल्यावर म्हणाले, "ह्या दरवाज्याचा नाव काय गो?" मी वैतागून म्हटलं, "आबा, याला नाव नसतं, नंबर असतो. तीन नंबर." ते म्हणाले, "बरा. नंबर तर नंबर." आणि गेटाकडे तोंड करून, अंग वळवून उभे राहिले. बायका बघत होत्या म्हणून मला लाज वाटली. मी मागे न बघता आत गेले.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, तुम्ही बसतास कधी? मी म्हटलं, नाही बसत, आठ तास उभ्यानेच असतं काम.

आता पुढचं ऐका, ते काकांना ठाऊक नव्हतं आणि आबांनाही नव्हतं. त्या कंपनीतून मला काढून सहा वर्षं होऊन गेली. कंत्राट संपलं, ब्रेक दिला आणि परत बोलावलंच नाही. आबांनी अख्ख्या खैरदुर्गात सांगून ठेवलेलं, माझं चेडू मोठ्या कंपनीत आहे म्हणून. मला सांगवेना. तीन महिने खोलीत बसून काढले, मग तळवड्याला एका छोट्या युनिटात लागले. गाडी दुसऱ्या रस्त्याने जाते, त्यामुळे फाट्याच्या त्या बाजूला मी सहा वर्षांत फिरकले नाही. आबांचा रोज सकाळी फोन यायचा. एकच प्रश्न, "गेटात शिरलंस काय गो?" मी म्हणायचे, शिरले. गेटात तर शिरतच होते, कुठल्या ते त्यांनी विचारलं नाही.

म्हणजे आठ जत्रांतल्या शेवटच्या पाच जत्रांना माझा बाप देवापुढे उभा राहून खोटं बोलला. ज्याने जन्मात देवाला थाप मारली नाही, त्याच्या तोंडून मी पाच वेळा मारवली. आणि राखण सगळी तिकडे, जिथे मी नाहीच.

मी फोनवर काकांना सगळं सांगितलं. प्रितमसमोर, जाईबाईंसमोर. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तरी किती वर्षं.

"मग हे वाक्य काढून टाकू?" प्रितमने विचारलं.

"काढूक येणा नाय. हद्दीत घेतलेली जागा सोडूची नसता."

"मग बदलतो. तळवडे म्हणतो."

"पयल्या वर्सा नाय. पयल्या वर्सा बापसान जसा सांगल्यान तसाच म्हणूचा लागता. फुडच्या वर्सा तुझा तू घाल."

"पण मग ते खोटं होईल ना, काका. ती तिथे नाहीच."

"देवाक खोटा सांगान चलणा नाय," काका म्हणाले. "आणि खोट्याक मी व्हय म्हणूचंय नाय. आता तुमचा तुम्ही बघा." आणि त्यांनी फोन ठेवला.

प्रितम डोकं धरून बसला. काढायचं नाही, बदलायचं नाही, आणि म्हटलं तर काका गप्प राहणार. चाळीस वर्षांचा मान अशा वाक्यावर अडकला होता जे मी खोटं करून ठेवलं होतं. मी खाली जाऊन चहाचे कप विसळून आले. परत आले तेव्हा तो म्हणाला, "मला माहीत होतं. तू तळवड्याला जातेस ते. तुमच्या गाडीवरचं नाव बघितलं होतं एकदा."

"मग आबांना सांगितलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून."

त्यावर भांडावं असं मला वाटायला हवं होतं. मी म्हटलं, "काकांना कळव. बुधवारी दहाला खोटं नसेल. तू बिनधास्त म्हण."

मंगळवारी तो गावी गेला. त्याने विचारलं, येतेस का. मी म्हटलं, मी आले तर वाक्य खोटं होईल.

बुधवारी माझी शिफ्ट दुपारी तीनची होती. सकाळी नवाला मी कामावरचा निळा कोट घातला, बूट घातले आणि निघाले. जाईबाई दारात होत्या. त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. फाट्यावर आले. पिंपळ नव्हता. रस्ता रुंद करताना गेला असणार, तिथे आता पत्र्याचं कुंपण होतं आणि त्याच्यापुढे वडापावची गाडी. मी क्षणभर घाबरले. मग दारूकोठार आठवलं आणि पिंपळ होता त्या बाजूला अंग वळवून, मनात नाव घेऊन पुढे गेले. वजनकाटा होता, त्याच्यावर रेतीचा ट्रक उभा. टाकी होती, पण तिचा निळा रंग उडून राखाडी झाला होता. कंटेनर अंगावरून जात होते. नऊ पन्नासला मी तीन नंबर गेटापाशी पोचले.

गेट तसंच होतं. वॉचमन नवीन, बीड-लातूरकडचा वाटला. त्याने माझा कोट बघितला, त्याच्यावरचं दुसऱ्या कंपनीचं नाव बघितलं.

"कुणाला भेटायचंय ताई?"

"कुणाला नाही."

"मग?"

काय सांगणार होते मी त्याला. खरं तेच सांगितलं. "माझ्या वडिलांनी देवाला सांगून ठेवलंय, मी इथे असते म्हणून. दहा वाजता इथे असायला पाहिजे. पंधरा मिनिटांत जाते."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. हाकलेल असं वाटलं होतं. तो केबिनमध्ये गेला आणि सकाळच्या शिफ्टची नोंदवही चाळत बसला.

दहा वाजले. तिकडे प्रितम दारात उभा राहिला असणार. मी त्याच्याबरोबर निघाले, महादरवाजा, मांडवी, दर्यादरवाजा, आणि प्रत्येक नावाला त्या डांबरी रस्त्यावर थोडी थोडी वळत गेले. गोदी, साखरबाव, पीर. दोन मुली आत जाता जाता माझ्याकडे बघून हसल्या. हसू देत. थडगं, दारूकोठार, चोरदिंडी, बत्ती, स्मशान, वड. मग घाट चढून वर. कुरुळीचा फाटा, पिंपळ, काटा, टाकी. शेवटी गेटाकडे तोंड केलं आणि कळलं की आबा दहा वर्षांपूर्वी नेमके इथेच, अशाच वळणाने उभे होते. मी उशीर झाला म्हणून मागे बघितलं नव्हतं. ते मला लाज आणत नव्हते. मी गाव सोडून निघून गेले होते आणि ते माझ्यापर्यंत गाव वाढवून घेत होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. मोठ्याने. बाईमाणसाने तेही म्हणायचं नसतं.

मग घाम आला असं वाटून मी कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. गाल परत ओले झाले तेव्हा समजलं. चौदा महिन्यांचं एकदम आलं, हुंदके देत, नाक वाहत, सगळ्या कंपनीच्या दारात. मी गेटाचा गज धरला.

खिशात फोन वाजत होता. प्रितमचा. उचलला तर जत्रेच्या ढोलांतून त्याचा आवाज आला, "ताई, काका व्हय म्हणाले. ऐकलंस का, म्हणाले."

वॉचमन केबिनमधून आपली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला आणि माझ्याशेजारी ठेवली. "बसा ताई. बसा जरा."

"नको दादा," मी म्हटलं. "उभ्यानेच असते मी इथे."